चांदण्यांचे ढग का झाले? ख्रिसमस कुकीच्या आकाराचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे आज इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना माझ्या तोंडून निघणारे शंभरेक 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढून टाकलेत. बाकी सगळं बोललो तसंच ठेवलंय.

गोष्ट गेल्या डिसेंबरातली. भाची राहायला आली होती, वय वर्षं सात. तिला शाळेच्या ख्रिसमस पार्टीला चांदणीच्या आकाराच्या कुकीज न्यायच्या होत्या. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? मामा इंजिनिअर आहे तुझा. तुळशीबागेतून साचे आणले, मोबाईलवर एक व्हिडिओ लावला, मैदा मळला, लाटला, साच्याने मस्त टोकदार चोवीस चांदण्या कापल्या आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. बारा मिनिटांनी दार उघडलं. आत चांदणी एकही नव्हती. गोलसर, पसरट, एकमेकांना चिकटलेलं काहीतरी होतं. भाची थोडा वेळ बघत राहिली आणि अगदी समजूतदारपणे म्हणाली, "मामा, हे ढग आहेत का?"

चव चांगली होती हो. पण तिला चव नकोच होती, तिला चांदणी हवी होती. आणि तिचं बरोबरच होतं. सणाच्या कुकीत आकार हाच मुद्दा असतो. चव सारखीच ठेवून ती नुसती गोल केली तर ते चहाबरोबरचं बिस्कीट. चांदणी केली, घंटा केली, की तो सण.

मग मी आपला स्वभावाप्रमाणे बग शोधायला बसलो. दोन-चार रेसिपी बघू, फरक काढू, झालं, असा विचार होता. पण वाचत वाचत मी पोचलो थेट १७९६ सालात, अमेरिकेतल्या एका अनाथ बाईच्या सत्तेचाळीस पानी पुस्तकापाशी. त्या पुस्तकात माझ्या बगचं उत्तर होतं. आणि बरंच काही होतं, ज्याचा कुकीशी संबंध असेल असं मला वाटलंही नव्हतं.

तिच्याकडे जाऊच. पण आधी थोडं युरोपात जावं लागेल, कारण आकार कुठून आला ते तिथे कळतं.

आपल्याकडे गुढीपाडव्याला साखरेच्या गाठी असतात ना? लाकडी साच्यात साखरेचा पाक ओततात, मध्ये दोरा ठेवतात, आणि थंड झाल्यावर नक्षीदार पदकांची माळ निघते. जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखात शेकडो वर्षं सणाचा खाऊ साधारण याच कल्पनेवर बनत होता, फक्त पाकाऐवजी पीठ. नासपतीच्या झाडाचं घट्ट लाकूड घ्यायचं, त्यात उलटं चित्र कोरायचं, त्यावर पीठ दाबायचं. घोडेस्वार, संत, राजे-राण्या, पाळण्यातलं बाळ, काय वाट्टेल ते.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध शहर म्हणजे न्यूरेंबर्ग. शहराभोवतीच्या राजजंगलात मधमाश्या पाळणाऱ्यांचा मोठा व्यवसाय होता, म्हणजे मध घरचाच. आणि दक्षिणेकडून व्हेनिसमार्गे येणाऱ्या मसाल्यांच्या व्यापाराच्या वाटेवरच हे गाव, म्हणजे सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ सगळं हाताशी. मध अधिक मसाले अधिक पीठ, की झालं लेबकूखन. यातली सुंठ आणि मिरी कुठून जायची हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही, आपल्याच खालच्या किनाऱ्यावरून, मलबारातून. १४८७ साली सम्राट तिसरा फ्रेडरिक न्यूरेंबर्गला आला तेव्हा त्याने शहरातल्या सुमारे ४००० मुलांना स्वतःचं चित्र उमटवलेले लेबकूखन वाटले, असं सांगतात. स्वतःचा फोटो छापलेली मिठाई मतदारांच्या मुलांना वाटणं ही कल्पना काही आपल्या नगरसेवकांनी काढलेली नाही, एवढंच यातून कळतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हे साचे कोण कोरायचं? कसबी कारागीर. लेबकूखन कोण भाजायचं? त्याचे वेगळे भटारी. न्यूरेंबर्गमध्ये १६४३ साली लेबकूखन करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ झाला. संघ म्हणजे आतल्यांना परवाना आणि बाहेरच्यांना दार बंद. साचा हा धंद्याचा ऐवज होता, बापाकडून मुलाकडे जाणारा. घरातल्या बाईने उठून आपल्या मनाचा आकार काढावा अशी ती व्यवस्थाच नव्हती. आकार विकत मिळायचा.

आता इथे एक तांत्रिक गंमत आहे, आणि माझ्या ढगांचं पहिलं उत्तरही. जर्मनीच्या दक्षिण भागात श्प्रिंगर्ले नावाची पांढरी कुकी करतात. अंडी, साखर, मैदा आणि बडीशेपेसारख्या वासाची ॲनिस. यात लोणी जवळजवळ नसतंच. पिठावर साचा दाबून चित्र उमटवायचं आणि मग ती लगेच भाजायची नाही. रात्रभर, कधी कधी पूर्ण दिवस, तशीच उघड्यावर वाळू द्यायची. वरचा थर वाळून कडक होतो. भट्टीत गेल्यावर आतलं पीठ फुगायला बघतं, पण वरचं झाकण पक्कं, म्हणून ते खालून फुगतं आणि कुकीला खाली एक पायथा तयार होतो. वरचं चित्र जसंच्या तसं! ज्याने हे पहिल्यांदा शोधलं त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. आपण ओव्हनला दोष देतो, आणि त्या लोकांनी फुगण्याची दिशाच बदलली.

शेजारी हॉलंडमध्येही तेच, पण तिथे सण वेगळा. ५ डिसेंबरची संध्याकाळ, संत निकोलसची. तिथल्या मसालेदार कुकीला स्पेक्युलास म्हणतात, तीही लाकडी फळीत कोरलेल्या साच्यातून निघते. त्यातली दालचिनी सिलोनची, जायफळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं. ती बेटं डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये भयानक कत्तल करून ताब्यात घेतली होती. आणि ही कंपनी काही आपल्यापासून लांब नव्हती. वेंगुर्ल्याला कधी गेलात तर डच वखारीचे अवशेष बघा. तीच ही कंपनी.

या डच लोकांचा आपल्या गोष्टीशी अजून एक संबंध आहे. हॉलंडमध्ये केकला 'कूक' म्हणतात आणि छोट्या केकला 'कूक्ये'. डचांनी उत्तर अमेरिकेत न्यू ॲमस्टरडॅम नावाचं गाव वसवलं. १६६४ मध्ये ते इंग्रजांनी घेतलं आणि नाव ठेवलं न्यूयॉर्क. राज्य गेलं, पण हडसन नदीच्या काठची डच घरं आणि त्यांची स्वयंपाकघरं तिथेच राहिली. इंग्रज ज्याला बिस्कीट म्हणतात त्याला अमेरिकन माणूस कुकी का म्हणतो, त्याचं कारण हे. ब्राउझरमधली कुकी ॲक्सेप्ट करताना आपण रोज एक डच शब्द दाबतो.

आता खरी अडचण. न्यूयॉर्कच्या उत्तरेला न्यू इंग्लंड. तिथे प्युरिटन पंथाचे लोक. त्यांना ख्रिसमस अजिबात मान्य नव्हता, बायबलमध्ये ही तारीखच नाही म्हणून. मॅसॅच्युसेट्सने १६५९ मध्ये कायदाच केला की ख्रिसमस पाळताना कोणी सापडला तर पाच शिलिंग दंड. काम बंद ठेवलं, मेजवानी केली, तरी गुन्हा. हा कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, पण कायदा गेला म्हणून सवय जात नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये ख्रिसमसची अधिकृत सुट्टी मिळायला १८५६ उजाडलं. ज्या देशाने आज जगाला ख्रिसमसच्या कुकीचं वेड लावलंय, त्याच देशाच्या एका कोपऱ्यात हा सण दोनशे वर्षं जेमतेम धुगधुगी धरून होता.

आणि याच प्युरिटन पट्ट्यात, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावी १७९६ साली एक पुस्तक छापलं गेलं. नाव 'अमेरिकन कुकरी'. लेखिका अमेलिया सिमन्स. त्याआधी अमेरिकेत पाकपुस्तकं छापली जात नव्हती असं नाही, पण ती इंग्लंडमधल्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं. अमेरिकेतल्या व्यक्तीने लिहून अमेरिकेत छापलेलं, आज माहीत असलेलं पहिलं पाकपुस्तक हेच. देश स्वतंत्र होऊन फक्त वीस वर्षं झाली होती. मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाखाली पदवी नाही, नवऱ्याचं नाव नाही, गावही नाही. तिथे लिहिलंय की ही एक अमेरिकन अनाथ आहे. तिच्याबद्दल आज खात्रीने माहीत असलेलं जवळजवळ एवढंच. पुस्तकात 'कुकी' आणि 'स्लॉ' असे डच शब्द आहेत आणि दुसरी आवृत्ती त्याच वर्षी हडसनकाठच्या ऑल्बनीतून निघाली, त्यावरून ती त्या डच भागातली असावी असा अभ्यासकांचा तर्क आहे.

या पुस्तकात एक रेसिपी आहे, ख्रिसमस कुकीची. साहित्य माझ्या शब्दांत सांगतो. तीन पौंड पीठ, एक पौंड लोणी, दीड पौंड साखर, चहाच्या कपात विरघळवलेला दुधातला खार, आणि एक चहाचा कप भरून, आता नीट ऐका, धणेपूड.

धणेपूड! मी तीनदा वाचलं. ना व्हॅनिला, ना दालचिनी. आपण ज्याला आमटीत टाकतो ते धणे, तेही एक कप. पीठ पाऊण इंच जाड लाटायचं, म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर, मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं भाजायचं. सुरुवातीला कडक आणि कोरड्या लागतील, पण मातीच्या भांड्यात घालून तळघरात किंवा ओलसर खोलीत ठेवा, सहा महिन्यांनी जास्त छान आणि मऊ लागतील, अशी वर हमी. सहा महिने! म्हणजे पुढच्या ख्रिसमसच्या कुकी जून-जुलैतच करून टाकायच्या. आपल्या लोणच्यासारखं.

पण या रेसिपीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट धणे नाहीत. पीठ लाटल्यावर त्याचा आकार आणि माप काय असावं, याबद्दल बाई सांगतात की कापा किंवा ठसा उमटवा, तुमच्या मर्जीप्रमाणे. बस. न्यूरेंबर्गमध्ये ज्या आकारासाठी संघ होता, कोरीव काम करणारा कारागीर होता, सम्राटाचा चेहरा होता, तो आकार इथे एका अनाथ बाईने एका वाक्यात वाचकाच्या हातात देऊन टाकला.

आता यातला कडू भाग. अमेलियाला पुस्तक छपाईसाठी तयार करण्याइतकं शिक्षण नव्हतं. तिने रेसिपी सांगितल्या आणि दुसऱ्या कोणीतरी त्या लिहून छापखान्याला दिल्या. पुस्तक बाहेर आल्यावर तिला कळलं की त्या माणसाने काही रेसिपींतल्या महत्त्वाच्या गोष्टी गाळल्यात आणि भलतंच काहीतरी घुसवलंय. मग पहिल्या आवृत्तीच्या काही प्रतींना एक जादा पान जोडलं गेलं. त्यात तिची तक्रार आहे की हे आपल्याला न विचारता झालं, पुस्तकाची विक्री बुडावी म्हणून मुद्दाम झालं, आणि खाली दुरुस्त्यांची यादी.

मंडळी, मी रोज कोडमध्ये हेच काम करतो. कुणीतरी न विचारता बदल मर्ज केला, रिलीज झालं, आणि मग आपण रात्री बसून पॅच काढतोय. फरक इतकाच की माझं नाव आणि माझा प्रत्येक बदल सिस्टीममध्ये नोंदलेला असतो, त्यामुळे मी म्हणू शकतो की हे मी लिहिलेलं नाही. अमेलियाकडे एका जादा पानाशिवाय काही नव्हतं. हातात कला आहे पण लिहिता येत नाही, म्हणून ज्याला लिहिता येतं त्याच्या भरवशावर राहावं लागणं, हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या पणज्यांचे किती पदार्थ असे गेले असतील. माझ्या आजीच्या खापरपोळीचं प्रमाण 'अंदाजाने' होतं. तो अंदाज तिच्याबरोबर गेला.

आता त्या खाराकडे येऊ, कारण तिथे खरं इंजिनिअरिंग आहे. रेसिपीत तीन चमचे 'पर्ल-ॲश' आहे. ही काय भानगड? लाकडाची राख पाण्यात भिजवून ते खारट पाणी गाळायचं आणि मोठ्या लोखंडी हंड्यात आटवायचं. हंडा म्हणजे पॉट, राख म्हणजे ॲश, म्हणून पोटॅश. ते भट्टीत तापवून शुद्ध केलं की पांढरी मोत्यासारखी पूड राहते, ती पर्ल-ॲश. साधारण आपल्या पापडखाराची चुलत बहीण समजा. त्या काळात अमेरिकेत जंगल अफाट, लोक शेतीसाठी झाडं तोडून जाळायचे, आणि राख विकून रोख पैसे मिळायचे. काच आणि साबण करायला तिची मागणी होती. इतकी, की अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०, सॅम्युअल हॉपकिन्स नावाच्या माणसाला मिळालं ते पोटॅश आणि पर्ल-ॲश करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी. त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही आहे. आणि सहाच वर्षांत तो खार अमेलियाच्या कुकीत! त्याआधी पीठ फुगवायला यीस्ट लागायचं किंवा अंडी तासभर फेटावी लागायची. खाराने काम मिनिटांवर आणलं. तोटा एकच. खार आणि चरबी मिळून साबण होतो, त्यामुळे हात सैल सुटला की कुकीला साबणाची चव. पुढे बेकिंग सोडा आणि मग बेकिंग पावडर आली आणि खार स्वयंपाकघरातून गेला.

आणि साखर. दीड पौंड, जवळजवळ सातशे ग्रॅम. हे नुसतं लिहून पुढे जाता येत नाही. तेव्हा अमेरिकेत साखर येत होती ती मुख्यतः कॅरिबियन बेटांवरून, आणि तिथे ऊस तोडणारे, रस आटवणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे होते. पुस्तक निघालं त्याच्या पाचच वर्षं आधी, ऑगस्ट १७९१ मध्ये, फ्रेंचांच्या ताब्यातल्या सां-दोमिंग या वसाहतीत गुलामांनी उठाव केला होता. तेव्हा जगात सगळ्यात जास्त साखर तिथे व्हायची. आज तो देश हैती. खुद्द अमेलियाच्या कनेक्टिकटमध्येही गुलामी कायद्याने चालू होती. तिथे १७८४ मध्ये हळूहळू मुक्तीचा कायदा झाला, पण पूर्ण बंदी आली १८४८ मध्ये. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास अनेक घरांनी ही साखर खाणं सोडलं. काही घरांत साखरदाणीवर लिहिलेलं असायचं की ही ईस्ट इंडियाची साखर आहे, गुलामांनी केलेली नाही. ईस्ट इंडिया म्हणजे आपण. शब्द तर आपलाच होता, संस्कृत शर्करा, अरबस्तानातून फिरत फिरत शुगर झाला. कंपनी आपल्या शेतकऱ्याला कसं वागवत होती हे त्या साखरदाणीवर अर्थातच लिहिलेलं नव्हतं.

म्हणजे बघा, मर्जीप्रमाणे आकार काढायचं स्वातंत्र्य स्वयंपाकघरात आलं तेव्हा पोत्यातली साखर कुणाच्या तरी पारतंत्र्यातून आली होती. हे दोन्ही एकाच रेसिपीत आहे. मला ते कुठे बसवायचं कळत नाही, पण गाळावंसं वाटलं नाही. गाळणारे अमेलियाला भेटलेच होते.

पुढे चला. अमेलियाने मर्जीप्रमाणे कापा म्हटलं खरं, पण कापायचं कशाने? सुरीने किंवा कपाच्या काठाने. चांदणी हवी असेल तर साचा पाहिजे. आणि साच्याची गोष्ट निघते हार्टफर्डपासून वीसेक किलोमीटरवरच्या बर्लिन नावाच्या गावात. तिथे १७४० च्या सुमारास एडवर्ड पॅटिसन नावाचा पत्र्याचं काम करणारा कारागीर येऊन राहिला. कथिलाचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा इंग्लंडहून मागवायचा, त्याची भांडी करायची आणि दारोदार विकायची. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनी हा धंदा इतका वाढवला की कनेक्टिकटचे फेरीवाले घोड्यावर आणि गाडीवर पत्र्याची भांडी घेऊन पार दूरवर जायला लागले. पत्रा महाग. भांडं कापून झालं की उरलेल्या पट्ट्या आणि तुकडे टाकवत नसत. पट्टी वाकवली, टोकं डाख देऊन जोडली, मागे एक सपाट तुकडा लावला, की झाला कुकी कटर.

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन वस्त्यांमध्ये या पत्र्याच्या साच्यांची खरी चंगळ झाली. घोडा, पक्षी, हृदय, माणूस, चांदणी. या लोकांना ख्रिसमसचं वावडं नव्हतं. मोरेव्हियन पंथीयांनी तर आपल्या गावाचं नाव १७४१ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री बेथलेहेम ठेवलं. त्यांच्या आले-गुळाच्या कुकीज कागदासारख्या पातळ असतात, आणि पातळ पिठातून चित्र उमटत नाही, फक्त कड उमटते. तिथे लाकडी साचा उपयोगाचा नाही, पत्र्याचाच पाहिजे.

जुन्या कटरचे फोटो बघाल तर मागच्या सपाट पत्र्याला एक-दोन भोकं दिसतील. ती नक्षी नाही. भोक नसेल तर साचा पिठावर दाबला की आतली हवा कोंडते, उचलताना पीठ साच्यातच चिकटून वर येतं. भोकातून हवा ये-जा करते आणि कुकी सुटते. माझ्या तुळशीबागेतल्या साच्याला मागची बाजूच नाही, सगळा आरपार उघडा. प्रश्नच मिटला. पण तो शोध किती छोटा आणि किती बरोबर, नाही?

या कुकीज पुष्कळदा खाण्याआधी टांगल्या जायच्या. जर्मन प्रदेशात झाडाला खाऊ टांगायची पद्धत जुनी. स्ट्रासबर्गच्या १६०५ च्या एका नोंदीत घरात उभ्या केलेल्या झाडावर कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ वेफर, साखरेचा खाऊ असं लटकवल्याचं वर्णन आहे. काचेचे गोळे नंतर आले, आधी झाड खाण्याजोगं होतं. लांबून मेणबत्तीच्या उजेडात बघायचं असेल तर बारीक कोरीव चित्र दिसणार नाही, बाह्याकृती दिसेल. म्हणून चांदणी आणि हृदय टिकले.

बाकीचा प्रवास भराभर झाला. १८५० मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय महिला मासिकाने इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं ख्रिसमस झाडाभोवतीचं चित्र छापलं. गंमत म्हणजे राणीचा मुकुट आणि नवऱ्याच्या मिशा काढून टाकून, म्हणजे ते अमेरिकन कुटुंब वाटावं. झाडाचं वेड पसरलं. १८७० मध्ये ख्रिसमस अमेरिकेची संघराज्य पातळीवरची सुट्टी झाली. बीटपासून साखर निघायला लागली, साखर स्वस्त झाली. लोखंडी शेगड्या घरोघरी आल्या. जर्मनीतून कारखान्यात बनलेले स्वस्त पत्र्याचे साचे जहाजं भरून आले. मग ॲल्युमिनियम, मग प्लास्टिक. आता माझा एक मित्र थ्री-डी प्रिंटरवर कुठल्याही चित्राचा कटर छापून देतो. गेल्या वर्षी त्याने बायकोच्या वाढदिवसाला तिच्या मांजराचा कटर केला.

आता माझा बग. अमेलियाची रेसिपी आणि माझी व्हिडिओवाली रेसिपी शेजारी शेजारी मांडली. पीठ १०० भाग धरा. अमेलियाचं लोणी ३३ भाग, साखर ५०. माझं बटर ६८, साखर ६०. दुप्पट बटर! बटर तिशी-पस्तिशी अंशांतच वितळायला लागतं, आणि मैद्याचा सांगाडा पक्का व्हायला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त तापमान लागतं. मधल्या मिनिटांत चांदणीला धरून ठेवणारं काही नसतं, ती वाहते. टोकं आधी जातात. वर मी बेकिंग पावडर टाकलेली आणि पीठ फ्रीजमध्ये ठेवायचा कंटाळा केलेला. साखर स्वस्त, बटर विकत मिळतं, म्हणून कुकी मऊ आणि श्रीमंत होत गेली, आणि तिचा आकार सैल होत गेला. उपाय काय? बटर कमी, फुगवणारी पावडर जवळजवळ नाही, कापलेल्या चांदण्या ट्रेसकट अर्धा तास फ्रीजमध्ये, आणि ट्रे थंडगारच गरम ओव्हनमध्ये. शंकरपाळे करणाऱ्या कुणालाही विचारा, मोहन जास्त झालं की ते तेलात हसतात. कुठल्याही काकूने मला हे एका मिनिटात सांगितलं असतं.

जाता जाता, शंकरपाळ्याचा आकार किती हुशार आहे हे मला तेव्हाच कळलं. कातण उभं-आडवं फिरवलं की पोळीचा जवळजवळ एकही तुकडा वाया जात नाही. चांदण्या कापल्या की एक तृतीयांश पीठ मध्येच उरतं, ते परत मळा, परत लाटा, आणि दुसऱ्यांदा लाटलेल्या चांदण्या चिवट. गोव्यातल्या ख्रिसमसच्या कुलकुलांनाही हा त्रास नाही. पिठाची गोळी काट्यावर किंवा कंगव्यावर दाबून गुंडाळली की शंखासारखी कुरळी वळी तयार. ना साचा, ना चुरा.

जानेवारीत मी अमेलियाची कुकी केली. आठव्या हिश्श्याने. १७० ग्रॅम मैदा, ५७ ग्रॅम लोणी, ८५ ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे ताजी भाजून कुटलेली धणेपूड, खाराऐवजी चिमूटभर सोडा, आणि मळण्यापुरतं दूध. पाऊण इंचाची हिंमत झाली नाही, बोटभर जाड लाटली. पाचही टोकं अशी शाबूत, की हाताला टोचतील. वास मात्र आमटीचा नाही बरं का. गोडात धणे संत्र्याच्या सालीसारखे लागतात. पण कडक! चहात बुडवल्याशिवाय दात लागत नव्हता. भाचीला व्हिडिओ कॉलवर दाखवली. ती म्हणाली, "आता चांदणी आहे. पण पार्टी संपली ना मामा."

राहिलेल्या आठ चांदण्या मी छोट्या मडक्यात घालून, झाकण ठेवून माळ्यावर ठेवल्या. सहा महिन्यांनी, म्हणजे भर जुलैत, पुण्याच्या पावसात. ओलसर खोलीची अट आपोआप पूर्ण. झाकण उघडलं, तर अमेलियाबाईंचा प्रयोग माझ्याआधी मुंग्यांनी पूर्ण केलेला. धणेपूड तेवढी तळाशी ठेवली होती त्यांनी.

यंदा मडक्याचं तोंड कणकेने लिंपून ठेवणार आहे. आणि भाची पुढच्या आठवड्यात येतेय. तिला या वेळी चांदणी नकोय, लांब मानेचा डायनोसॉर हवाय. बाजारात तसा साचा मिळाला नाही, मित्राचा प्रिंटर बंद पडलाय. म्हणून काल रात्री रसगुल्ल्याच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून, पक्कडीने वाकवत बसलो होतो. एक बोट कापलंय. मान बारीक झालीय, ओव्हनमधून काढताना ती मोडणार हे मला आत्ताच दिसतंय.